दगडाची बाजू

मराठीत दगडाची बाजू घेणारे कोणी नाही. बुद्धी नसलेल्याच्या डोक्यात दगड भरलेले असतात, दया नसलेल्याच्या काळजाचा दगड झालेला असतो, न ऐकणाऱ्यापुढे बोलणे म्हणजे दगडावर डोके आपटणे, आणि निवड करायचीच वेळ आली तर दगडापेक्षा वीट मऊ. उर्दूकडे जावे तर तिथेही तीच गत. 'संगदिल' हा काही गौरवाचा शब्द नव्हे. घरात दखनी बोलणारे आणि शाळेत मराठी शिकलेले आम्ही दोन्हींकडून दगडाची निंदाच ऐकत मोठे झालो.

पण ज्या ग्रंथाला आम्ही मानतो, त्याने मात्र दगडाची बाजू घेतलेली आहे. सूरह बकरहमध्ये कठोर झालेल्या अंतःकरणांना दगडाची उपमा दिली आहे. उपमा देऊन कुरआन तिथे थांबत नाही. दगडांवर अन्याय होऊ नये म्हणून की काय, लगेच सांगते की दगडांमध्ये असेही आहेत ज्यांतून झरे फुटतात, असेही आहेत ज्यांना तडा गेला की पाणी पाझरते, आणि असेही आहेत जे अल्लाहच्या धाकाने कोसळून पडतात. माणसाचे मन दगडाहून कठीण होऊ शकते, हा तिथला मुद्दा आहे. वाज करणारी मंडळी पहिल्या भागावर तास-तास बोलतात आणि दगडाच्या वाट्याला आलेले शब्द घाईने वाचून पुढे जातात, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

दुसरी जागा सूरह फातिरमधली. पावसाने येणाऱ्या रंगीबेरंगी फळांचा उल्लेख झाल्यावर तिथे डोंगर येतात. डोंगरांतले पांढरे आणि लाल पट्टे, त्यांच्या निरनिराळ्या छटा, आणि काळेभोर खडक. मग माणसे, जनावरे, त्यांचे रंग. आणि याला लागूनच ते प्रसिद्ध वचन येते की अल्लाहचे भय त्याच्या बंद्यांपैकी ज्ञानवंतांनाच खऱ्या अर्थाने असते. 'उलमा' हा शब्द खडकांच्या रंगांना लागून आलेला आहे. मदरशातल्या अभ्यासात खडकांच्या रंगांना कितीसे स्थान आहे, हा प्रश्न इथे विचारून ठेवतो आणि पुढे जातो.

या लेखाचा विषय इतकाच आहे की निसर्गात सापडणाऱ्या सुंदर, चमत्कारिक दगडांकडे आपण कोणत्या नजरेने पाहावे. विषय किरकोळ वाटेल. पण आमच्या घरांतून या प्रश्नावर दोन टोकांची उत्तरे मिळतात आणि दोन्ही उत्तरांनी दगडही बिघडतो आणि माणूसही, असे आमचे मत आहे.

पुण्याहून दौंडकडे जाणारी पॅसेंजर येवत सोडल्यावर खुटबावला थांबते. दौंड तालुक्यातले हे गाव. ऊस, गुऱ्हाळांचा धूर, कालव्याचे पाणी, उन्हाळ्यात पांढरा पडणारा मुरूम. निसर्गसौंदर्य पाहायला म्हणून इथे कोणी उतरत नाही. सहलीची बस आली तरी ती भुलेश्वरच्या डोंगराकडे वळते. गावाच्या नावात 'बाव' आहे, आणि बाव म्हणजे विहीर. नावाची व्युत्पत्ती कोणी काहीही लावो, या पट्ट्यात दगडाशी माणसाची खरी गाठ पडते ती विहिरीतच. वरची माती, मग मुरूम, मग काळा पाषाण, आणि नशीब असेल तर त्याखाली मांजऱ्या. मांजऱ्या म्हणजे भोकाभोकांचा, पांढऱ्या ठिपक्यांचा, काळ्या पाषाणापेक्षा लवकर फुटणारा खडक. विहीर खोदणाऱ्याला तो आवडतो, कारण घणाचे कष्ट कमी होतात. पूर्वी यारीने आणि आता पोकलेनने वर काढलेल्या त्या ढिगाऱ्यात पाहावे. फुटलेल्या खडकाच्या पोटात मुठीएवढी, कधी कलिंगडाएवढी पोकळी असते आणि तिच्या आतल्या बाजूने पांढऱ्या, मोतिया, क्वचित फिक्या गुलाबी स्फटिकांची नक्षी बसलेली असते. सूर्यप्रकाश तिच्यावर पहिल्यांदाच पडलेला असतो. दोन दिवसांनी तो ढिगारा ट्रॅक्टरमध्ये भरून पाणंदीच्या खड्ड्यांत टाकतात.

हे कसे घडले ते थोडक्यात सांगायला हवे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आज आपण ज्याला महाराष्ट्र म्हणतो त्या भूमीवर लाव्हारसाचे थरावर थर पसरत गेले. रस निवताना त्यातले वायूचे बुडबुडे जागच्या जागी अडकले आणि खडकात पोकळ्या राहिल्या. पुढे लाखो वर्षे खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने विरघळवून आणलेली द्रव्ये या पोकळ्यांत हळूहळू साचवली. सिलिकेचे थर एकावर एक बसत गेले तिथे गारगोटी आणि पट्ट्यापट्ट्यांचा अकीक झाला. दुसरी द्रव्ये जमली तिथे स्टिलबाइट, ह्युलँडाइट, अपोफिलाइट अशा परक्या नावांचे स्फटिक झाले. नावे परकी, दगड आपले. पुण्याच्या पाषाण टेकडीतला हिरवा अपोफिलाइट आणि पुणे-नगर रस्त्यावरच्या वाघोलीच्या खाणीतला निळाभोर कॅव्हनसाइट जगभरच्या खनिज संग्रहांत मानाने ठेवलेले आहेत. कॅव्हनसाइट हे नाव कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिका यांच्या आद्याक्षरांवरून पडले. तो प्रथम अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात ओळखला गेला आणि १९७३ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले, पण त्याचे सर्वांत देखणे नमुने निघाले ते आमच्या वाघोलीत. खुटबाववरून जाणारा हा लोहमार्ग पुण्याहून सोलापूरपर्यंत १८५८ ते १८६० च्या दरम्यान पोहोचला. त्याच सुमारास बोरघाट फोडताना निघालेले स्फटिक इंग्लंडच्या संग्रहांत जाऊन बसले. इथल्या माणसाने आपल्या दगडांचे संग्रहालय उभारले ते बऱ्याच उशिरा. सिन्नरचे 'गारगोटी' संग्रहालय २००१ सालचे.

आता प्रश्नाकडे वळतो.

पहिले उत्तर बाजारातले. उरुसात दर्ग्याबाहेर काचेच्या पेटीत अंगठ्या मांडलेल्या असतात. अकीक, फिरोजा, याकूत, नीलम. हा घातला की रोजगार लागतो, हा घातला की नजर लागत नाही, या राशीला हा खडा आणि त्या राशीला तो. विकणारा कधी सलाम करून विकतो, कधी नमस्कार करून. गिऱ्हाईकही दोन्हींकडचे. या बाबतीत आमचा समाज इतका एकात्म आहे की राष्ट्रीय एकात्मतेच्या परिषदेला दाखवावा. मराठीने मात्र इथे गंमत करून ठेवली आहे. रस्त्यात पायाला टोचतो तोही खडा, डाळीत दाताखाली येतो तोही खडा आणि दहा हजारांच्या अंगठीत बसतो तोही खडाच. भाषेला जे कळले ते गिऱ्हाइकाला कळत नाही.

दुसरे उत्तर पहिल्याचा निषेध करणाऱ्यांचे. दगडात काय पाहायचे? दगडापासून नफा नाही, नुकसान नाही. दगडावर मन जडणे हा शिर्ककडे जाणारा रस्ता आहे. घरात शोभेचा दगड ठेवला तर आज शोभा, उद्या अगरबत्ती. असे म्हणणारी माणसे प्रामाणिक असतात आणि त्यांच्या भीतीला आमच्या गावांत आधारही आहे. बांधावरच्या दगडाला शेंदूर लागला की त्याचा देव होतो, हे आपण रोज पाहतो. शेजाऱ्याच्या श्रद्धेचा मान राखूनच सांगायचे तर आमची वाट वेगळी आहे आणि ती वेगळी राहावी असे म्हणण्यात गैर काही नाही.

पण या मंडळींचा आवडता दाखला आहे हजरत उमर फारूक यांचा. हजरे-अस्वदचे चुंबन घेताना त्यांनी सांगितले होते की तू एक दगड आहेस, नफा किंवा नुकसान करणे तुझ्या हाती नाही हे मी जाणतो, आणि रसूलुल्लाहांनी तुझे चुंबन घेतलेले पाहिले नसते तर मीही घेतले नसते. हा दाखला दगडाला झिडकारण्यासाठी वापरला जातो. आम्हाला त्यात वेगळे दिसते. दगडाकडून काहीही मागायचे नाही हे पक्के करूनही उमर त्याच्याजवळ गेले, ओठ टेकवले आणि त्याला 'तू' म्हणून संबोधले. अपेक्षा संपली म्हणून जवळीक संपली नाही. ती जवळीक प्रेषितांच्या अनुकरणातून आलेली होती, तो विषय इबादतीचा आहे आणि ढिगाऱ्यातल्या गारगोटीशी त्याची तुलना होऊ शकत नाही, हे आम्ही जाणतो. पण एवढे तरी त्यातून निघते की दगडाला दगड म्हणणे म्हणजे त्याचा अपमान करणे नव्हे.

हीच वाट अल्-बिरूनीने ज्ञानाच्या अंगाने दाखवली. भारताविषयीच्या त्याच्या ग्रंथाचे नाव सगळ्यांना ठाऊक असते. त्याने उतारवयात रत्नांवर आणि खनिजांवरही एक ग्रंथ लिहिला, 'किताब अल्-जमाहिर'. त्या काळी असा समज होता की पाचूकडे पाहिले की सापाचे डोळे फुटतात. थोरामोठ्यांनी ते लिहून ठेवले होते. बिरूनीने साप आणवला, त्याच्या गळ्यात पाचूंची माळ घातली, त्याच्यासमोर पाचू धरला, आणि नऊ महिने थंडीत आणि उन्हाळ्यात हे करून पाहिले. सापाला काही झाले नाही. समजूत खोटी ठरली. यानंतर एखाद्याने पाचू फेकून दिला असता. बिरूनीने तसे केले नाही. त्याने रत्ने पाण्यात बुडवून त्यांची घनता मोजली, त्यांचे रंग, त्यांच्या खाणी, त्यांचे दोष, त्यांच्या किमती, त्यांच्या कथा हे सगळे मन लावून लिहिले. समजुतीची पुटे निघाल्यावर त्याला दगड अधिक पाहण्याजोगा वाटला असावा. आमच्याकडच्या सुधारकांना आम्ही हे आदरपूर्वक सांगू इच्छितो. अंधश्रद्धा काढून टाकताना त्यांच्या हातून पुष्कळदा कौतुकही काढून टाकले जाते, आणि मग हात रिकामा झालेला माणूस पुन्हा त्या काचेच्या पेटीसमोर जाऊन उभा राहतो.

बिरूनीच्या नंतर थोड्याच काळाने चीनमध्ये मी फू नावाचा एक अक्षरकार आणि सरकारी अधिकारी होऊन गेला. त्याची गोष्ट अशी सांगतात की नव्या नेमणुकीच्या गावी त्याला एक चमत्कारिक आकाराचा खडक दिसला, तेव्हा त्याने दरबारी पोशाख मागवून अंगावर चढवला आणि खडकाला 'दादा' म्हणून लवून नमस्कार केला. आम्हाला हा नमस्कार जमणार नाही. सिजदा एकालाच, ही आमची रेघ आहे. पण त्या वेडात लोभ नाही, हे आम्हाला दिसते. मी फूने त्या खडकाकडे बढती मागितली नाही. जपानमध्ये याच परंपरेतून 'सुइसेकी' नावाचा छंद रूढ झाला. नदीत, डोंगरात सापडलेला दगड आणायचा, त्याला बसेल अशी लाकडी बैठक करायची आणि पाहत बसायचे. दगडाला छिन्नी लावायची नाही, पॉलिश करायचे नाही. पाण्याने घडवला तसा तो राहू द्यायचा. आमच्याकडे दगड आवडला की पहिला विचार येतो तो कापून चकचकीत करण्याचा, अंगठीत बसवण्याचा किंवा त्यावर नाव कोरण्याचा.

या सगळ्यात एक गोष्ट आम्हाला फार विचार करायला लावते. विहिरीच्या ढिगाऱ्यातली ती पोकळी. तिच्या आतले स्फटिक कोट्यवधी वर्षे काळोखात होते. डोळे असलेला कोणताही प्राणी तिथे पोहोचणे शक्य नव्हते. सुरुंग थोडा उजवीकडे लागला असता तर ते आजही काळोखातच असते, आणि दख्खनच्या पठाराच्या पोटात अशा न फुटलेल्या पोकळ्या किती असतील त्याला गणती नाही. मग ते सौंदर्य कोणासाठी होते? फुलाबद्दल विचारले तर विज्ञान उत्तर देते की ते मधमाशीसाठी आहे. मोराचा पिसारा लांडोरीसाठी. बंद खडकातल्या स्फटिकाला गिऱ्हाईक नाही. त्याने कोणाला भुलवायचे नाही, कोणाला घाबरवायचे नाही. तो अणूंच्या रचनेच्या नियमाने वाढत गेला, एवढेच. कोणी म्हणेल, जे कोणी पाहिलेच नाही ते सुंदर तरी कसे? सुंदर हा शब्द पाहणाऱ्याचा आहे. डोळा नाही तर सौंदर्य नाही. तत्त्वज्ञानात हे मत जुने आहे आणि ते सहज खोडता येण्यासारखे नाही.

श्रद्धावानाचे उत्तर मात्र तयार असते. पाहणारा होता. अल्-बसीर, सर्व पाहणारा, हे त्याच्या नावांपैकी एक. अल्-मुसव्विर, आकार देणारा, हेही. हे उत्तर ज्याला पटत नाही त्याच्याशी आम्ही इथे वाद घालणार नाही. पण हे उत्तर देणाऱ्याला मात्र त्याची किंमत मोजावी लागते, तिच्याकडे लक्ष वेधायचे आहे. ते सौंदर्य आमच्यासाठी नव्हते, आम्ही नसतानाही ते पूर्ण होते, हे एकदा मान्य केले की 'हा दगड माझ्या राशीसाठी बनला' हे म्हणता येत नाही. 'हा माझ्या दिवाणखान्यासाठी बनला' हेही म्हणता येत नाही. ज्या वस्तूला माझी गरज नव्हती तिच्याकडे मी आलो आहे. तिथे उभे राहण्याची रीत पाहुण्याची असते.

फिक्हमधली एक जुनी तरतूद या ठिकाणी आठवते. सोन्या-चांदीवर जकात आहे. हिरे, माणके, मोती, अकीक यांच्यावर, ते व्यापारासाठी ठेवलेले नसतील तर, बहुतेक फकीहांच्या मते जकात नाही. कायद्याच्या अंगाने याची कारणे वेगळी दिली जातात. पण आम्हाला त्यात एक शहाणपण दिसते. घरात ठेवलेला दगड, त्याची बाजारात काय किंमत येईल याची पर्वा न करता, दगडच मानला गेला. दुकानात मांडला की तो धन झाला आणि धनाबरोबर गरिबाचा हक्क आला.

आता गरिबाची गोष्ट निघालीच आहे. सौंदर्याचे कौतुक ही भरल्या पोटाची चैन आहे, असा आक्षेप आम्ही नेहमी ऐकतो. आधी भाकरी, मग गारगोटी. याला उत्तर शोधायला लांब जायला नको. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी या तिघांच्या नावावर त्या उत्खननाचा अहवाल १९८८ साली प्रसिद्ध झाला. महाराष्ट्राच्या आद्य शेतकऱ्यांचा शोध लावणाऱ्यांत एक अन्सारी होते, हे आमच्या मुलांना शाळेत कोणी सांगत नाही, म्हणून इथे मुद्दाम सांगितले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० एवढा दीर्घ काळ तिथे वस्ती होती. कुडाची, मातीची घरे, थोडी शेती, शिकार. लोखंड नव्हते आणि तांबे महाग. मग त्यांनी गारगोटीच्या जातीचे दगड घेतले आणि त्यांची धारदार पाती काढली. कापायला, सोलायला तीच हत्यारे. म्हणजे भाकरीही गारगोटीतूनच आली. आणि त्याच वस्तीत अकीकाचे, लाल कार्नेलियनचे मणीही सापडले. त्या काळात टणक अकीकाला आरपार छिद्र पाडणे हे किती वेळखाऊ काम असेल याचा विचार करावा. दुष्काळाची टांगती तलवार डोक्यावर असलेल्या, कुडाच्या घरात राहणाऱ्या माणसाला हा वेळ काढावासा वाटला. पोट भरल्यावरच डोळा उघडतो हे म्हणणे गरिबावर अन्याय करणारे आहे.

आणि आजही अंधाऱ्या खोलीत दोन पांढऱ्या गारगोट्या एकमेकींवर घासून आतून उठणारा फिका उजेड पाहणारी आणि तो जळका वास हुंगणारी मुले श्रीमंतांच्या घरातली असतात असे थोडेच आहे?

तरीही आक्षेपात एक काटा आहे आणि तो काढल्याशिवाय पुढे जाणे बरे नाही. सुंदर दगड आपल्यापर्यंत कोणाच्या हातून येतो?

आमच्या तसबीहचे, अंगठ्यांचे अकीक बऱ्याच अंशी गुजरातेतल्या खंबातहून येतात. कच्चा दगड राजपिपळ्याच्या डोंगराकडच्या रतनपूरचा. तोही आपल्याच दख्खनच्या लाव्हाखडकातून सुटून नदीच्या गाळात गोळा झालेला. रतनपूरच्या टेकडीवर बाबा गोर या सिद्दी पीराचा दर्गा आहे. आफ्रिकेतून आलेल्या या पीराला अकीकाच्या धंद्याचा पालनकर्ता मानतात आणि दगडाची एक जात त्यांच्याच नावाने 'बाबागोरी' म्हणून ओळखली गेली. सोळाव्या शतकाच्या आरंभी आलेल्या दुआर्ते बार्बोसा या पोर्तुगिजानेही हे नाव नोंदवले आहे. रतनपूरचा मळकट पिवळा दगड उन्हात वाळवतात, मग मडक्यात घालून शेण्यांच्या धगीत भाजतात, आणि त्यातल्या लोहाचा रंग पालटून तो लाल होतो. हडप्पाच्या काळापासून ही विद्या चालत आलेली आहे. इतका सुंदर इतिहास क्वचितच एखाद्या धंद्याला असतो.

आणि मग तो दगड घासावा लागतो. घरातल्या घरात, विजेच्या चाकावर, पुष्कळदा कोरडाच. अकीक म्हणजे सिलिका. त्याची डोळ्यांना न दिसणारी धूळ छातीत जाते आणि बाहेर येत नाही. फुप्फुस आतून कडक होत जाते. सिलिकोसिस म्हणतात या रोगाला, आणि त्याच्यावर औषध नाही. त्याच्या मागोमाग क्षय येतो. खंबातच्या घासकऱ्यांत हा रोग आहे हे डॉक्टरांनी अनेक वर्षांपासून नोंदवलेले आहे. घासणाऱ्यालाच तो होतो असेही नाही. चाक घरात असल्याने धूळही घरातच असते, आणि ज्याने कधी चाकाला हात लावला नाही त्याच्याही छातीत ती जाते.

म्हणजे ज्या दाण्यांवर आम्ही सुबहानल्लाह म्हणतो, त्या दाण्यांच्या गुळगुळीतपणासाठी कोणाचा तरी श्वास खर्च झालेला असू शकतो. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, ही शिकवण आमच्या मशिदींतून सांगितली जाते. घामाचा हिशेब मजुरीने पुरा होतो. धुळीचा कसा करायचा?

एक हदीस आहे जी आमच्या कॅलेंडरांवर, लग्नपत्रिकांवर, दिवाणखान्यातल्या चौकटींत सुंदर अक्षरांत छापलेली असते. अल्लाह सुंदर आहे आणि त्याला सौंदर्य आवडते, अशा अर्थाची. ती हदीस एवढीच नाही. कोणीतरी विचारले होते की माणसाला चांगले कपडे, चांगली पादत्राणे आवडतात, हा गर्व झाला का? त्यावर हे उत्तर आले, आणि पुढे सांगितले गेले की गर्व म्हणजे सत्य नाकारणे आणि माणसांना तुच्छ लेखणे. सौंदर्याची परवानगी आणि माणसांना तुच्छ लेखण्याची मनाई, दोन्ही एकाच उत्तरात आलेल्या आहेत. चौकटीत पहिला अर्धाच बसतो. सुतार चौकट लहान करतो म्हणावे, तर तसेही नाही.

आम्हाला म्हणायचे आहे ते या दुसऱ्या अर्ध्याच्या आधारावर. दगडाकडून काही न मागता त्याला पाहणे यात तौहीदला बाधा नाही. उलट मागणाऱ्यापेक्षा नुसता पाहणारा तौहीदच्या जवळ आहे. पण दगड पाहताना त्याच्यामागचा माणूस दिसला नाही, तर त्या पाहण्यात हदीसने सांगितलेला गर्व शिरलेला असतो. अंगठीवाला दगडाला सामर्थ्य देतो आणि माणसाला विसरतो. निषेध करणारा दगडाला झिडकारतो आणि तोही माणसाला विसरतो. खंबातचा घासकरी दोघांच्याही वादात नाही.

खुटबावसारख्या गावात हा माणूस ओळखीचाच असतो. विहिरीत उतरणारा, खाणीवर घण घालणारा वडार. खडकाची शीर कुठे आहे, घाव कुठे घातला की तो सरळ फुटेल, मांजऱ्या किती हातांवर लागेल, हे त्याला कळते. बिरूनीने अशाच माणसांना विचारून आपला ग्रंथ लिहिला असणार. आम्ही मात्र त्याला दगडाच्या रूपाविषयी कधी विचारत नाही, कारण तो दगड फोडतो म्हणजे त्याला दगड दिसत नाही, असे आम्ही धरून चाललो आहोत. आता क्रशर आले. खाणीतून निघालेला खडक पोकळ्यांसकट, स्फटिकांसकट जबड्यात जातो आणि खडी होऊन रस्त्यावर, रुळांखाली पडतो. खडीला आमचा विरोध नाही. घर, रस्ता, रेल्वे सगळ्यांनाच हवी. रुळांखालच्या खडीत एखाद्या काळ्या तुकड्याला अजून पांढरा ठिपका दिसतो, तो त्या पोकळ्यांचाच अवशेष. पण क्रशरवरच्या माणसाच्या नाकावर फडके आहे की नाही, खडीवर पाणी मारले जाते की नाही, हे पाहायला स्फटिकशास्त्र लागत नाही.

काही गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. चाकावर पाण्याची धार ठेवली तर धूळ पुष्कळ कमी होते. धूळ ओढून घेणारा पंखा आणि नळी बसवता येते. घासण्याचे काम राहत्या घराबाहेर नेता येते. हे सगळे ठाऊक असलेले उपाय आहेत. त्यांना पैसा लागतो, आणि तो पैसा घासकऱ्याकडे नसतो. तसबीह विकत घेणाऱ्याकडे, हज-उमऱ्याहून येताना डझनाने तसबीहा आणून वाटणाऱ्याकडे, उरुसात दुकान मांडणाऱ्याकडे आणि त्या दुकानांचे भाडे घेणाऱ्या दर्ग्याच्या विश्वस्तांकडे तो थोडाथोडा असतो.

अकीक घेऊ नये असे आम्ही म्हणत नाही. न घेतल्याने खंबातच्या चुली पेटणार नाहीत. घेताना मात्र, हा कोणत्या राशीला चालतो, हे विचारण्याऐवजी हा कुठे घासला, कोरड्या चाकावर की ओल्या, हे विचारावे. दुकानदाराला ते ठाऊक नसेल. तो हसेल, किंवा मागच्या गिऱ्हाइकाकडे वळेल. पुढच्या उरुसात त्याच दुकानावर पुन्हा तेच विचारावे. विचारणारे दहा-वीस झाले की तोही माल घेताना घाऊक व्यापाऱ्याला विचारील.